वाचनालयातल्या संगणकासाठी ब्राउझर कसा तयार करावा

एका वाचनालयात ‘संगणक फार हळू झालाय’ म्हणून बघायला गेलो होतो. डाउनलोडचं फोल्डर उघडलं, तर आत आधार कार्डं, जातीचे दाखले, दहावीच्या मार्कशिटा, एकाच्या पासबुकाचं पहिलं पान. सगळं पुढच्या कुणालाही दिसेल असं. ब्राउझरला मात्र कडेकोट कुलूप होतं. सेटिंग उघडत नव्हतं, राइट-क्लिक चालत नव्हतं, यूट्यूब बंद. ग्रंथपालबाईंनी चार दिवस खपून ते केलं होतं. मेहनत खरी होती, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली होती.

हीच चूक मला वारंवार दिसते. लोक आधी ब्राउझर बंदिस्त करतात आणि ज्या खात्यात तो चालतो ते खातं उघडं ठेवतात. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

एक सूचना आधीच. फाइलींची, फोल्डरांची आणि आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती इंग्रजीत, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट तंतोतंत लिहावी लागतात. स्पेलिंग कुठून घ्यायचं ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

## आधी एक निर्णय: ब्राउझर लिहायचा नाही

‘आमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो वाचनालयाचा स्वतःचा ब्राउझर करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर भाच्याला चहा पाजा आणि थांबवा. पायथॉनमध्ये एका खिडकीत वेबपान दाखवणारा ब्राउझर दोन दिवसांत होतो, त्यावर वाचनालयाचं बोधचिन्हही झळकतं. पुढे भाच्याला पुण्यात नोकरी लागते आणि आतलं इंजिन त्याच दिवसाच्या आवृत्तीवर गोठून राहतं. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते, ती काही हौसेपोटी नाही. बरीचशी सुरक्षेची भोकं बुजवायला येते. क्रोमियमचा (ज्यावर गुगल क्रोम उभा आहे त्याचा) मूळ कोड आणून स्वतः बांधायचा म्हटलं, तर डिस्कवर शंभर जीबीच्या आसपास मोकळी जागा आणि कित्येक तास लागतात. तेही दर आवृत्तीला.

आपल्याला हवा तो ब्राउझर तयार फायरफॉक्सवर नियमांची एक फाइल चढवून मिळतो. कोडला हात लावायचा नाही. फायरफॉक्स ६०पासून, म्हणजे २०१८पासून, ही सोय आहे.

खालची कृती लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आहे. वाचनालयांतल्या जुन्या यंत्रांवर बहुतेक विंडोज १० असतं आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यातली बरीच यंत्रं विंडोज ११ घेत नाहीत. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती दोन जीबी रॅमवर चालते, चार जीबी असेल तर नीट चालते.

## टप्पा १: आठवडाभर नुसतं बघा

काउंटरवर एक वही ठेवा. संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकानं काय केलं, एवढंच त्यात लिहा. नाव नको, मोबाइल नंबर नको. ‘पोलीस भरतीचा अर्ज’, ‘निकाल पाहिला’, ‘सातबारा काढला’, ‘फोटो लहान करून हवा होता’, ‘मेलमधली पीडीएफ छापली’.

आठवड्यानं वही वाचा. अभ्यासिका असलेल्या वाचनालयात निम्म्याहून जास्त नोंदी अर्जांच्याच निघाल्या, तर नवल नाही. अर्ज म्हणजे फोटो आणि सही अमुक केबीच्या आत बसवून चढवणं, ओटीपी, नव्या खिडकीत उघडणारं पैसे भरण्याचं पान, शेवटी पावतीची पीडीएफ. हे चारही नीट चालले पाहिजेत, हेच आपलं माप.

मग यंत्रांची वाटणी करा. पुस्तकांची सूची शोधायचा संगणक वेगळा, लोकांनी काम करायचा वेगळा. दोघांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. एकच यंत्र असेल तर ते कामाचं ठेवा आणि सूची पहिल्या पानावर द्या.

तपासणी: वहीत किमान पंधरा-वीस संकेतस्थळांची यादी जमली का? नसेल तर आणखी चार दिवस थांबा.

## टप्पा २: पुसलं जाणारं खातं

इथंच खरं संरक्षण आहे.

मिंट घालताना तयार होतं ते प्रशासकाचं खातं. त्याचा पासवर्ड दोघांनाच माहीत असावा. वाचकांना ते खातं कधीही द्यायचं नाही, ‘फक्त दोन मिनिटं’ म्हटलं तरी.

वाचकांसाठी पाहुण्याचं सत्र (गेस्ट सेशन) चालू करा. ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये वापरकर्त्यांच्या भागात ते असतं आणि मुळात बंद असतं. या खात्याला पासवर्ड नसतो. बसणाऱ्याला तात्पुरतं घर मिळतं आणि तो लॉगआउट झाला की त्याच्या फाइली, ब्राउझरचा इतिहास, कुकीज, डाउनलोड, सगळं जातं.

‘ब्राउझरलाच बंद होताना इतिहास पुसायला सांगता येतं की!’ येतं. पण तो पुसतो स्वतःचाच पसारा. डाउनलोड झालेल्या फाइलींना तो हात लावत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या वाचनालयात नेमकं हेच झालं होतं. शिवाय वीज गेली, तर बंद होतानाचं काम वेळेवर होत नाही. आपल्याकडे वीज जाते.

इशारा: पाहुणा म्हणून बसून हातानं कुठलंही सेटिंग बदलू नका. लॉगआउटबरोबर तेही जाईल आणि दुसऱ्या दिवशी ‘काल तर केलं होतं!’ म्हणत बसाल. यापुढचं सगळं प्रशासकाच्या खात्यातून, पूर्ण यंत्राला लागू होईल अशा जागी करायचं.

पाहुण्याच्या डेस्कटॉपवर काही कायमचं हवं असेल, तर त्यासाठी साचा आहे. यंत्राची सेटिंगं असलेल्या ‘ईटीसी’ फोल्डरात ‘गेस्ट-सेशन’ आणि त्यात ‘स्केल’ (एस-के-ई-एल) अशी फोल्डरं करा. त्यात ठेवाल ते प्रत्येक नव्या पाहुण्याला मिळतं.

तपासणी: पाहुणा म्हणून आत जा, एक पीडीएफ उतरवा, एका मेल खात्यात लॉगिन करा, आणि सरळ प्लग ओढा. यंत्र पुन्हा चालू करून पाहुणा व्हा. पीडीएफ किंवा मेल दिसलं, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: नियमांची फाइल

फाइलचं नाव ‘पॉलिसीज.जेसन’. तिची जागा ‘ईटीसी’ फोल्डरात ‘फायरफॉक्स’ आणि त्यात ‘पॉलिसीज’. फायरफॉक्सच्या स्वतःच्या फोल्डरातल्या ‘डिस्ट्रिब्युशन’मध्येही ती चालते आणि बरेच जण तिथंच ठेवतात. पण ते फोल्डर पॅकेजचं आहे, अपडेटमध्ये त्याची उलथापालथ होऊ शकते. ‘ईटीसी’तली फाइल जागेवर राहते. दोन्हीकडे दोन फाइली ठेवू नका, नाहीतर कुठली लागू आहे हे शोधण्यात दुपार जाईल.

आता स्पेलिंगचं. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:पॉलिसीज’ टाका. त्या पानावर डॉक्युमेंटेशनचा भाग आहे, त्यात सगळ्या नियमांची नावं सापडतात. तिथूनच नक्कल करा, आठवणीतून लिहू नका.

कामाच्या यंत्रासाठी मी घालतो ते नियम असे:

- डिसेबलफॉर्महिस्टरी चालू. पहिलं अक्षर टाइप करताच आधीच्या माणसाचा मोबाइल नंबर खाली सुचवला जातो, ते बंद होतं. सत्र पुसलं जातं हे खरं, पण एकाच सत्रात दोन मैत्रिणी एकामागून एक बसतातच.
- पासवर्डमॅनेजरएनेबल्ड आणि ऑफरटूसेव्हलॉगिन्स, दोन्ही ‘फॉल्स’. पत्ता आणि कार्ड आपोआप भरण्याचे दोन नियमही बंद.
- डिसेबलफायरफॉक्सअकाउंट्स चालू. नाहीतर कुणी आपल्या मोझिला खात्यात (पूर्वीचं फायरफॉक्स खातं) शिरतो आणि घरचे सगळे पासवर्ड वाचनालयाच्या यंत्रावर उतरतात.
- ब्लॉकअबाउटकॉन्फिग, ब्लॉकअबाउटअ‍ॅडऑन्स, ब्लॉकअबाउटप्रोफाइल्स चालू. आतली सेटिंगं, एक्स्टेन्शन आणि प्रोफाइल बदलण्याची पानं बंद होतात.
- डिसेबलप्रायव्हेटब्राउझिंग चालू. खासगी खिडकी बंद का करायची, असं सगळे विचारतात. वाचकाला वाटतं तिच्यात आपण सुरक्षित आहोत, आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं) वेगळी परवानगी दिल्याशिवाय तिथं चालत नाहीत, म्हणजे जाहिरात-अडथळाही नाही.
- एक्स्टेन्शनसेटिंग्जमध्ये तारका-चिन्हाला (म्हणजे सगळ्यांना) ‘ब्लॉक्ड’, फक्त जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनला ‘फोर्स-इन्स्टॉल्ड’. हौसेनं नाही. निकालाच्या, फॉर्मच्या नावानं चालणाऱ्या साइटींवर ‘डाउनलोड’ लिहिलेली पाच बटणं असतात आणि त्यातली चार जाहिराती असतात.
- होमपेज आपलं आणि ‘लॉक्ड’.
- डीएनएसओव्हरएचटीटीपीएस बंद आणि ‘लॉक्ड’. कारण पुढे येतं.

यूब्लॉकची एक गंमत आहे. पाहुण्याचं प्रोफाइल दर वेळी कोरं असतं, म्हणून तो दर सत्रात नव्यानं उतरतो. नेट मंद असेल तर पहिली दोन मिनिटं तो नसतोच. यावर उपाय म्हणजे त्याची फाइल एकदा उतरवून सगळ्यांना वाचता येईल अशा फोल्डरात ठेवायची आणि नियमात इंटरनेटच्या पत्त्याऐवजी त्या फाइलचा पत्ता द्यायचा.

नको त्या साइटी अडवायच्या, तर ब्राउझरात लांबलचक याद्या भरत बसू नका. ते काम राउटरवर सोपं होतं. तिथं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता दिला, की घातक आणि प्रौढांसाठीच्या साइटी तिथंच अडतात आणि वाचनालयातल्या सगळ्या यंत्रांना ते लागू होतं. वरचा डीएनएसचा नियम यासाठीच. तो नसेल तर ब्राउझरातली एक खूण बदलून राउटरला वळसा घालता येतो.

इशारा, खिडक्यांचा: पॉपअप सरसकट अडवले, तर पैसे भरण्याचं पान काही अर्जांत उघडतच नाही. वाचकाला वाटतं साइट बंद आहे. ‘पॉपअपब्लॉकिंग’ या नियमात परवानगीची यादी देता येते, तिच्यात वहीतल्या अर्जांच्या साइटी घाला. हे मी स्वतः एकदा विसरलो होतो. अर्जाचा शेवटचा दिवस होता. एक मुलगा तासभर ‘पे’ बटण दाबत बसला आणि शेवटी पावसात सायबर कॅफेत पळाला.

इशारा, अवतरणचिन्हांचा: ही फाइल वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये लिहू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मजकुरातूनही चिकटवू नका. तिथं सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, आणि एका वाकड्या चिन्हानं पूर्ण फाइल निकामी होते. शेवटच्या नियमानंतर राहिलेला स्वल्पविरामही तेवढाच घातक. मिंटमधला साधा टेक्स्ट एडिटर वापरा.

तपासणी: फायरफॉक्स बंद करून उघडा आणि ‘अबाउट:पॉलिसीज’ला जा. ‘अ‍ॅक्टिव्ह’मध्ये सगळे नियम दिसले पाहिजेत. ‘एरर्स’ नावाचा भाग दिसू लागला, तर तो वाचा. पान कोरं असेल तर फाइल चुकीच्या जागी आहे किंवा वाचताच येत नाही. हीच तपासणी पाहुणा होऊन पुन्हा करा. प्रशासकाला दिसते पण पाहुण्याला दिसत नाही, असं झालं तर फाइलच्या परवानग्या बघा. ती सगळ्यांना वाचता आली पाहिजे.

## टप्पा ४: पहिलं पान

वाचक ‘सातबारा’ असं शोधतो, वरची जाहिरात दाबतो आणि सरकारी वाटणाऱ्या भलत्याच पानावर पैसे भरतो. पहिलं पान असतं ते हा रस्ता टाळायला.

साधं एचटीएमएल पान करा. त्यावर मोठ्या अक्षरांत आठ-दहा दुवे: वाचनालयाची सूची, महाराष्ट्र लोकसेवा आयोग, आपले सरकार, महाभूलेख, डिजिलॉकर, मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया, आणि वहीत वारंवार आलेलं जे असेल ते. प्रत्येक पत्ता स्वतः उघडून पाहून मगच टाका. खाली दोन ओळी: ‘काम झाल्यावर “काम संपलं” हे बटण दाबा. फाइल इथं राहत नाही, पेनड्राइव्हवर घ्या.’ दुसरी ओळ फार महत्त्वाची. तासभर टाइप केलेला बायोडेटा पुसला गेला, तर वाचक आपल्यालाच बोलणार.

नेहमीची चूक: हे पान प्रशासकाच्या डेस्कटॉपवर ठेवलं जातं. पाहुण्याला तिथं जायची परवानगी नसते, त्यामुळे त्याच्याकडे पान उघडतच नाही. ‘ऑप्ट’सारख्या सामाईक फोल्डरात ठेवा.

## टप्पा ५: मराठी टायपिंग

हे ब्राउझरचं काम नाही म्हणून सोडून दिलं जातं आणि मग अर्जातला ‘नाव मराठीत’ हा रकाना भरताना वाचक अडतो.

कळफलक पूर्ण यंत्रासाठी बसवा, पाहुण्याच्या सेटिंगमध्ये नाही. त्यासाठी ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘कीबोर्ड’ नावाची फाइल असते. तिच्यात इंग्रजीसोबत भारताचा कळफलक आणि अदलाबदलीसाठी अल्ट-शिफ्ट द्या. प्रकार कुठला द्यायचा हे वाचकांना विचारून ठरवा. टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्यांना त्यांच्या परीक्षेचाच हवा असतो, बाकीच्यांना उच्चारानुसारी सोपा जातो. छापलेला तक्ता लॅमिनेट करून मॉनिटरशेजारी लावा. नोटो आणि लोहित हे देवनागरी फॉन्टही घालून ठेवा.

तपासणी: पाहुणा होऊन ब्राउझरात ‘ज्ञानेश्वर’, ‘कर्‍हाड’, ‘अ‍ॅड.’ टाइप करा. जोडाक्षर, चंद्र आणि अर्धा र तिन्ही नीट उमटले की झालं.

## टप्पा ६: ‘काम संपलं’

लोक उठून जाताना ब्राउझरची फुली दाबतात, लॉगआउट करत नाहीत. म्हणून दोन गोष्टी करा.

एक, साच्यातल्या डेस्कटॉपवर ‘काम संपलं’ नावाचं मोठं चिन्ह ठेवा. ते दाबलं की न विचारता लॉगआउट. दोन, बराच वेळ कळफलक-माउसला हात लागला नाही तर आपोआप लॉगआउट. यासाठी ‘एक्सऑटोलॉक’ हे छोटं साधन पुरतं. त्याला कुलूप लावायच्या आज्ञेऐवजी लॉगआउटची आज्ञा द्या आणि यंत्राच्या सामाईक ऑटोस्टार्टमध्ये टाका.

वेळ किती? पाच मिनिटं ठेवलीत तर शिव्या खाल. अर्ज भरणारा पिशवीतून कागद काढतो, बारावीचा बैठक क्रमांक शोधतो, घरी फोन लावतो. मी पंधरा मिनिटं ठेवतो आणि एक मिनिट आधी सूचना दाखवतो. स्क्रीनला आपोआप कुलूप लागण्याची सोय मात्र पूर्ण बंद करून ठेवा.

## टप्पा ७: फक्त सूचीचा संगणक

हा सोपा आहे. फायरफॉक्स ७१पासून ‘किऑस्क’ नावाची सोय आहे. सुरू करतानाच्या आज्ञेला ती जोडून पुढे सूचीचा पत्ता दिला, की पडदाभर फक्त सूची दिसते. पत्त्याची पट्टी नाही, टॅब नाहीत. सूचीचं सॉफ्टवेअर कोहा असो की ई-ग्रंथालय, कृती तीच.

नियमांच्या फाइलीत ‘वेबसाइटफिल्टर’ला सगळे पत्ते अडवायला सांगा आणि अपवादात सूचीचा एकच पत्ता द्या. अल्ट-एफ४ दाबलं की किऑस्कही बंद होतो, त्यामुळे बंद झाला की पुन्हा सुरू करणारी तीन ओळींची स्क्रिप्ट लागते.

इशारा: किऑस्क कामाच्या यंत्रावर लावू नका. पत्त्याची पट्टी नसेल, तर आपण खऱ्या साइटवर आहोत की नकली, हे वाचकाला कळायला मार्ग राहत नाही.

## टप्पा ८: खोडकर वाचक होऊन बसा

आधी नाठाळपणा करा. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून खासगी खिडकी उघडते का? एक्स्टेन्शन घालता येतं? होमपेज बदलतं? पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू (बूट) होतं का? (होत असेल तर बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड घाला आणि यूएसबीवरून बूट होणं बंद करा. हे विसरलं की वरची सगळी कुलपं शोभेची.)

मग प्रामाणिक वाचक व्हा, आणि ही चाचणी जास्त वेळ घेऊन करा. पेनड्राइव्हवरचा फोटो एका खऱ्या अर्जात चढवा. पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. पीडीएफ उतरवा, छापा, पेनड्राइव्हवर घ्या. वाचनालयातल्या एखाद्या वयस्कर सभासदाला बसवा आणि मागे उभं राहून गप्प बघा. हात बांधून. ते अडखळतील तिथं तुमचं पहिलं पान सुधारायला हवं.

राइट-क्लिक, कॉपी-पेस्ट, झूम यातलं काही बंद केलं असेल, तर या चाचणीनंतर ते मोकळं करा. ते बंद ठेवून कुणाचंच भलं होत नाही, आणि झूम तर ज्येष्ठांना लागतोच.

## टप्पा ९: अपडेट

मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये आपोआप अपडेटची सोय आहे, ती चालू करा. पाहुण्याला अपडेट करता येत नाही, त्यामुळे ही सोय बंद राहिली तर यंत्र महिनोन् महिने शिळं राहतं. विंडोजवर दर रीबूटला सगळं पूर्ववत करणारी सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांनी तर जास्त जपावं. आलेला अपडेटही ती पुसून टाकतात, म्हणून त्यांना मोकळी वेळ नेमून द्यावी लागते.

महिन्यातून एकदा, वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीला, तीन गोष्टी बघा: ‘अबाउट:पॉलिसीज’मध्ये नियम जागेवर आहेत का, पहिल्या पानावरचे दुवे चालतात का, आणि प्लग ओढण्याची चाचणी अजून उत्तीर्ण होते का. सरकारी साइटींचे पत्ते बदलतात, त्यामुळे दुव्यांना बहुतेक वेळा काहीतरी डागडुजी लागतेच.

नियमांची फाइल, पहिलं पान, कळफलकाची फाइल आणि साच्याचं फोल्डर एका पेनड्राइव्हवर घ्या. त्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि प्रशासकाच्या पासवर्डाच्या बंद पाकिटासोबत कपाटात ठेवा. डिस्क कधी तरी जाईलच. ती गेली की नवी घालून, मिंट चढवून, या चार गोष्टी जागच्या जागी ठेवायला एक दुपार पुरते. पेनड्राइव्ह नसेल तर पुन्हा वहीपासून सुरुवात.